इंजिनाचा कोट

मी एक कोट बोलतोय. बाह्या नाहीत, खिसे नाहीत, पुढं एक भलंमोठं भोक आणि पोटाखालून बांधायला बंद. माणसाला घातलात तर लोक हसतील. मी इंजिनाचा कोट आहे. डोंगर आणि हिमनद्या वरून दाखवायला माणसांना घेऊन जाणारं एक छोटं विमान आहे, त्याच्या नाकावर मला घालतात.

हे विमान थेट हिमनदीवर उतरतं. त्याच्या पायांना बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या आहेत. माणसं खाली उतरतात, फोटो काढतात, बर्फ मुठीत घेऊन लहान होतात. तेवढ्या वेळात इंजिन गार पडू द्यायचं नाही. पडलं तर ते हटून बसतं, आणि तिथं वर धक्का मारायला कोण येणार? म्हणून मी.

मला शिवलं वैमानिकाच्या सासूबाईंनी. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान आहे. जावई एकदा दारात अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, आई, इंजिनाला एक कोट शिवून द्याल का? सासूबाईंनी गळ्यातली टेप काढली आणि शांतपणे विचारलं, "छाती किती त्याची?" सासरेबुवा पेपरामागे बसले होते. तो पेपर बराच वेळ हलत होता.

पण दुसऱ्याने आणलेल्या मापावर त्यांचा विश्वास नाही. स्वतः विमानाच्या शेडमध्ये गेल्या, इंजिनाभोवती टेप फिरवून आल्या. बाहेरून जाड कापड, आतून लोकरी अस्तर, मध्ये कापूस. शिवताना तोंडाने सारखं चालू असायचं, की लेक दिली तेव्हा माणूस जमिनीवर राहणारा आहे असंच आम्हाला वाटलं होतं. एका पंख्याच्या जिवावर आभाळात लटकायचं हे त्यांना कधीच पटलं नाही. मला वाटतं, कापसाबरोबर त्यांची ती काळजीही माझ्यात भरली गेली. माझा स्वभाव तेव्हापासून असा. साधी वाऱ्याची झुळूक आली तरी मी बंद आवळून धरतो.

उडताना माझी जागा शेपटीकडे, मागच्या सीटच्या पाठीमागे. घडी घालून, बर्फाच्या फावड्याशेजारी. तिथं खिडकी नाही. इतकी वर्षं मी डोंगरांवरून उडालो, पण डोंगर पाहिले नाहीत. ऐकले. माणसं सुरुवातीला फार बोलतात. मग डोंगराची पहिली धार जवळ आली की गप्प होतात. कुणीतरी हसत हसत विचारतं, किती वर्षं चालवताय हो तुम्ही? उत्तर कुणी ऐकत नाही, सगळे वैमानिकाच्या हातांकडे बघत असतात. मग हिमनदी दिसते आणि शिकलेला असो की अडाणी, तोंडातून एकच येतं, अरे बापरे. मी मात्र इंजिन ऐकत असायचो. त्याचा आवाज जरा बदलला की माझ्या कापसाच्या गाठी व्हायच्या.

तर सांगायचं ते एका दिवसाचं.

सासरेबुवा गावाच्या पाणीपुरवठ्यावर होते. पंप चालू करायचा, बंद करायचा, यात त्यांचा जन्म गेला. ज्या नदीचं पाणी मी गावाला सोडलं, ती निघते कुठून ते एकदा बघू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. जावई केव्हापासून चला म्हणत होते. आडव्या यायच्या त्या सासूबाई. शेवटी त्या एका अटीवर तयार झाल्या. त्या स्वतः बरोबर येणार आणि यांना दरवाजाकडे वाकू देणार नाहीत.

त्या दिवशी मागून मी ऐकत होतो. सासूबाईंचे डोळे मिटलेले असणार, कारण त्या सारखं विचारत होत्या, आलं का, संपलं का. सासरे त्यांना सांगत होते की ही बघ, मळक्या चादरीसारखी पसरलीय, कडेला निळी आहे, आणि मधल्या भेगा अशा की सगळं गाव आत जाईल. शेवटचं ते सांगायला नको होतं.

उतरलो. जावयांनी मला इंजिनावर घातलं, बंद बांधले. बर्फ वितळून एक बारीक धार वाहत होती. सासऱ्यांना तिच्यात हात घालायचा होता. बाबा, माझ्या पावलांवर पाऊल टाकून चला, असं जावयांनी बजावलं होतं. पण धार दिसल्यावर त्यांना कसलं भान. एक पाऊल बाजूला पडलं, वरचा बर्फ फुटला आणि खालच्या पाण्यात ते कमरेपर्यंत गेले.

दोरीने ओढून बाहेर काढलं. तोवर परतीच्या वाटेवरच्या खिंडीत ढग उतरून बसला. रेडिओवरून सांगणं आलं, थांबा, निघू नका. इंजिन चालू ठेवून ऊब घ्यावी तर तेल परतीपुरतंच होतं, आणि ढगामुळे वळसा पडला तर तेही पुरेल की नाही कोण जाणे. जावयांनी आपलं जाकीट काढून सासऱ्यांच्या अंगात घातलं. ओल्या विजारीच्या जागी सासूबाईंची शाल कमरेला गुंडाळली. तरी म्हाताऱ्याचे दात वाजत होते, ओठ निळे पडत चालले होते.

जावयांचा हात माझ्या बंदावर आला.

"आई, हा बाबांना घालतो."

"मग इंजिन?"

जावई बंदाची गाठ नुसती चाचपत राहिले.

"अहो, मी विचारतेय. इंजिनाचं काय?"

"गार पडेल. मग चालू होईल की नाही, सांगता येत नाही."

"त्यालाच राहू दे," सासरे थरथरत म्हणाले. "मला काय, घरी जाऊन चहा मिळेल. त्याला कोण देतंय?"

कुणी हसलं नाही. माझ्याखाली इंजिन गार होताना टिक टिक करत होतं आणि समोर म्हातारा काकडत होता. दोघांनाही मीच हवा होतो आणि मी एकच होतो. कोटाला मत नसतं, नाहीतर मी काय सांगितलं असतं, आजही कळत नाही मला.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. माझी कड त्यांनी बोटांनी चाचपली. शिवणारे लोक शिवणीत जास्तीचं कापड दाबून ठेवतात, पुढंमागं माणूस सुटला तर सोडता यावं म्हणून. इंजिन काही सुटायचं नव्हतं, पण हाताची सवय. मलाही त्यांनी तसं कापड ठेवलं होतं. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि माझी एक बाजू उसवली. मला दुखलं नाही. सैल झालो, एवढंच.

"घ्या यांना आत," त्या म्हणाल्या. "एका कोटात दोघं मावतील."

जावई पांढरेफटक पडले. पंख्याजवळ कुणी उभं राहायचं नाही, हे ते प्रत्येकाला चढायच्या आधी सांगतात. ते विमानात गेले, सगळं बंद असल्याचं पुन्हा पुन्हा तपासलं, आणि किल्ली आणून सासूबाईंच्या हातात ठेवली. "तुम्ही देईपर्यंत हे चालू होणार नाही," म्हणाले. मग सासऱ्यांना पंख्याच्या मागून, नाकाच्या बाजूने माझ्या आत घेतलं आणि पंख्याला हात लावू नका म्हणून बजावलं.

म्हाताऱ्याने गाल पत्र्याला टेकवला. सुरुवातीला ते इतके कापत होते की माझे बंद हलत होते. मग कापणं कमी झालं. हे बरं की वाईट, मला समजेना. सासूबाईंनाही समजलं नसावं.

"अहो, बोलत राहा."

"काय बोलू?"

"पंपाचं सांगा."

पंपाचं सांगायला लागले की एरवी त्या उठून आत जायच्या. आज त्या बाहेर बर्फात उभ्या राहून, माझी उसवलेली कड हाताने मिटून धरून विचारत होत्या, मग? मग काय झालं? आणि आतून म्हातारा सांगत होता, हळूहळू, मध्येच थांबत. थांबले की सासूबाईंचा श्वास थांबायचा. माझाही.

ढग विरला तेव्हा जावयांनी किल्ली मागितली. सासूबाईंची मूठ उघडेना. गारठ्याने म्हणा, भीतीने म्हणा. सासऱ्यांनीच माझ्यातून हात बाहेर काढून त्यांची बोटं एकेक करून सोडवली. म्हाताऱ्याचे हात तेव्हा कढत होते.

जावयांनी मला इंजिनावरून काढून सासऱ्यांच्या अंगाभोवती गुंडाळलं आणि सगळे विमानात बसले. इंजिन एकदा घुसमटलं आणि बसलं. पुन्हा तेच. जावई कुणाकडेच बघत नव्हते. मग ते खोकलं, फुरफुरलं आणि धरलं एकदाचं.

परतताना मी सासऱ्यांच्या अंगावर होतो, खिडकीशी. तेव्हा पहिल्यांदा डोंगर पाहिले. ऐकलेलं सगळं खरं होतं, फक्त ते किती गप्प असतात हे कुणी बोललं नव्हतं. सासूबाई पुढे बसल्या होत्या, डोळे उघडे ठेवून. पण त्या डोंगर बघत नव्हत्या. विमानाच्या नाकाकडे बघत होत्या.

आता इंजिनाला नवा चकचकीत हलका कोट आलाय. मी ठिकठिकाणी होरपळलोय, तेलकट वास काही जात नाही. उसवलेली बाजू सासूबाईंनी पुन्हा शिवली नाही. सासरेबुवा खिडकीपाशी खुर्चीत बसले की मला गुडघ्यांवर घेतात. आणि सासूबाई, काय सांगावं, अधूनमधून विमानात जातात. जावयाचं लक्ष डोंगरांकडे असतं, कुणीतरी इंजिनाकडे बघायला हवं म्हणे.

आजही गेल्यात. दुपारी खिंडीवर ढग आलेत. म्हाताऱ्याने माझी कड मुठीत इतकी घट्ट धरलीय की कापूस एका जागी गोळा झालाय. चहा तसाच निवलाय. पंपांच्या आवाजात जन्म गेल्याने त्यांचे कान आता मंद झालेत, म्हणून ते नुसतं आभाळाकडे बघत राहतात.

पण मी त्या इंजिनाच्या अंगावर वर्षं काढली आहेत. त्याचा आवाज मला कापसातून कळतो. आत्ता कळला. लांबून आहे, डोंगराआडून, पण तेच आहे, आणि नीट चाललंय.

माझं बोलणं त्यांना ऐकू जात नाही. तुम्ही इतका वेळ ऐकलंत, तर आता एवढं करा. जरा वाका आणि त्यांच्या कानाशी सांगा. आली, म्हणावं.