ओनाबाईचे कांकलेस

मित्रांनो, विदर्भातल्या तिरोड्याच्या बाजारात मला नेऊन ठेवले तर कोणी मला भाजी चिरायची फळी समजेल. पण मी एक जुने वाद्य आहे. पोकळ लाकडी पेटीवर दहा तारा ताणलेल्या. आपल्या स्वरमंडळाचा दूरचा भाऊच म्हणा. माझे नाव कांकलेस, आणि माझा जन्म लिथुआनिया नावाच्या थंड देशातला.

तिथल्या बिरझाई गावाजवळ योनास नावाचा सुतार राहत असे. त्याने मला एकाच लाकडातून कोरून काढले. १९२०चा सुमार असेल. पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाची माणसे तिकडे मूठभरच होती. त्यांना ना चर्च होते ना घंटा. रविवारी ती योनासच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसत आणि हात वर करून मोठमोठ्याने प्रार्थना करत. पवित्र आत्मा अंगात संचारला की कोणी रडे, कोणी अनोळखी भाषेत बोलू लागे. शेजारी टिंगल करत. एकदा खिडकीवर दगडही आला. योनासने काचा झाडून काढल्या, मला मांडीवर घेतले आणि राहिलेले गाणे पुरे केले.

त्याची मुलगी ओना. ती नर्स झाली आणि १९३१ साली भारतात, तिरोड्याकडच्या बोदलकसा गावाजवळ, मिशनच्या एका लहानशा दवाखान्यात कामाला आली. तिच्या पेटीत दोन झगे, बायबल आणि मी, एवढेच सामान होते.

दवाखान्यात जमुनाबाई नावाची सुईण होती. धानाची शेती करणाऱ्या घरातली, बोलायला सडेतोड. एका दुपारी तिचीच लेक शामकला बाळंतपणात अडली. ओनाने हात चालवले आणि तोंडाने आपल्या भाषेत मोठ्याने प्रार्थनाही चालवली.

"बाई, कायले ओरडून राहिली? तुझ्या देवाले कमी ऐकू येते का?" जमुनाबाई घाम पुसत म्हणाली.

"माझ्या गावचे लोकही हेच विचारत," ओना म्हणाली. तेवढ्यात बाळ रडले, आणि दोघी हसता हसता रडू लागल्या. त्या दिवसापासून जमुनाबाई रोज संध्याकाळी ओसरीवर माझे गाणे ऐकायला बसू लागली. शब्द तिला कळत नसत. पण ती मान डोलवी आणि मध्येच आपले जात्यावरचे गाणे जोडून देई. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते.

मग १९४० साल आले. रशियाचे सैन्य ओनाच्या देशात शिरले आणि घरची पत्रे बंद झाली. ओनाने मला घोंगडीत गुंडाळून पेटीत ठेवले. सहा पावसाळे मी तिथे पडून होतो. तारा गंजल्या. एका कडेला वाळवी लागली. बाहेर ती रुग्णांशी बोलताना मला ऐकू येई, पण तिची प्रार्थना कधी ऐकू आली नाही.

१९४६ साली जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीतून तिच्या भावाचे पत्र आले. ओनाने ते जमुनाबाईला मराठीत वाचून दाखवले. योनास वारला होता. प्रार्थनेला जमणारी माणसे पांगली होती. जी गावात उरली, ती ओठसुद्धा न हलवता प्रार्थना करत होती. शेजाऱ्याने ऐकले तर धरून नेतील, ही भीती.

जमुनाबाई उठली. तिने पेटी उघडली, मला काखेत मारले आणि थेट मनिरामकडे गेली. मनिराम भजनात एकतारी वाजवायचा. त्याने वाळवी खरवडली, फटीत लाख भरली आणि एकतारीला लावतात तशा तारा मला चढवल्या. माझा आवाज थोडा जाडा झाला. खरे सांगतो, मला तो आवडला.

दुसऱ्या दिवशी तिने मला ओनाच्या मांडीवर ठेवले.

"माझी बोटे चालत नाहीत आता," ओना म्हणाली.

"तुझ्या गावात त्याहिले तोंड उघडता येत नाही ना?" जमुनाबाई म्हणाली. "मंग त्याहिच्या वाटचं तू ओरड. इथं तुले कोन आडवून राहिलं?"

ओनाने तार छेडली. आधी सूर फुटला, मग तिचा कंठ. रांगेतले रुग्ण उठून ओसरीवर आले. ती हात वर करून बापासाठी, गावासाठी मोठमोठ्याने रडत प्रार्थना करत होती, आणि जमुनाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

पुढच्या वर्षी भावाला भेटायला ओना बोटीने गेली. जाताना मला जमुनाबाईच्या हाती देऊन गेली. आता जमुनाबाई दर आठवड्याला मला जवसाच्या तेलाने पुसते आणि आठवेल तसे वाजवते. सूर चुकतात. दोन देशांची गाणी एकमेकांत मिसळतात. मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाचे तरी वाद्य माळ्यावर पडले असेल. त्यावरची धूळ नुसती झटकू नका. त्याला मांडीवर घ्या. वाजवता येत नसले तरी घ्या.