सर्व्हरला दिलेलं नाव

नेटवर्कवर कॉम्प्युटरला नाव कसं द्यायचं, हे अख्ख्या वर्गात सगळ्यांत आधी जमलं ते वेनिंगला. मग काय! बाईसाहेबांचे पाय जमिनीवर टेकेनात. काल दुपारी पुर्वोरेजो गावातल्या तंत्रशाळेतली लॅब रिकामी होती, किल्ली मैत्रिणीकडे, गालुहकडे होती, आणि समोर होता पाक मुर्सिद सरांचा सर्व्हर. सुरू होताना तो जी फाइल वाचून स्वतःचं नाव ठरवतो, तीच वेनिंगने उघडली, 'गुरू' खोडून 'पाक-बेबेक' लिहिलं आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. स्क्रीनवर तेच नाव! 'पाक' म्हणजे सर आणि 'बेबेक' म्हणजे बदक! एका अपघातानंतर पाक मुर्सिद डुलत चालायचे ना, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

"अगं ए, मरशील!" तोंडात सोयाबीनच्या तेंपेचं भजं कोंबत गालुह खिदळली. "काढ आधी ते!"

"काढते गं, घाबरट कुठली!" वेनिंगने टकाटक एक कमांड दिली. स्क्रीनवर 'गुरू' आलं. दोघी घरी गेल्या.

आज प्रात्यक्षिक परीक्षा. सेमारांग शहरातून परीक्षक बाई आल्या होत्या. पाक मुर्सिदांनी सर्व्हर सुरू केला. प्रोजेक्टरमुळे भिंतीवर ओळी सरसर धावल्या आणि थांबल्या. सगळ्यांत खाली, वीतभर अक्षरांत: पाक-बेबेक.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पाक मुर्सिद चालता चालता मध्येच थांबले.

वेनिंगच्या आत्ता लक्षात आलं. कमांडने बदललेलं नाव कॉम्प्युटर बंद होईपर्यंतच टिकतं. सुरू झाला की तो पुन्हा फाइलच वाचतो. हे तिनेच तर सगळ्यांना ऐटीत शिकवलं होतं! आणि फाइल काल तशीच राहिली.

"काल किल्ली कोणाकडे होती?" परीक्षक बाईंनी विचारलं.

गालुह उभी राहिली.

"परीक्षेला बसायचं नाही. बाहेर हो."

गालुहने वेनिंगकडे बघितलंसुद्धा नाही. गुपचूप दप्तर उचललं. ती दारापर्यंत पोचली तेव्हा कुठे वेनिंग उठली.

"मी केलं." आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. "ती नाही, बाई. मी."

"असं? मग ये पुढे, नीट कर. सगळ्यांसमोर."

फाइल उघडताना वेनिंगची बोटं भलतीकडेच पडत होती. शेजारी पाक मुर्सिद उभे.

"घाई नको, पोरी," ते रोजच्यासारखंच हळू म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

सर्व्हर पुन्हा सुरू झाला, 'गुरू' आलं. गालुह जागेवर बसली. परीक्षक बाईंनी वेनिंगचे गुण कापले. ते तिच्या डोक्यातही शिरलं नाही.

पाक मुर्सिद प्रश्नपत्रिका वाटत होते. एका हाताने बाकांच्या कडा धरत, एकेक पाऊल सरळ रोवत, अंग जराही डुलू न देता. असं ते कधीच चालले नव्हते. वेनिंगच्या बाकाशी येईपर्यंत त्यांना घाम फुटला होता.

"पाक…"

"लिही," ते म्हणाले, आणि तसेच सरळ चालत पुढच्या बाकाकडे गेले.