खांब बोटभर वर आला

खांब आणखी एक बोट वर आला होता, आणि गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. बायका कुंपणाच्या भिंतींवर चढून बसल्या होत्या, बाप्ये पोरांना खांद्यावर घेऊन टाचा उंचावत होते, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते सगळ्यांत मोठ्यानं जयजयकार करत होते. नेहमी असंच असतं म्हणा.

खांब म्हणजे एका घराच्या परसातला जुना लोखंडी पाइप. मांडीएवढा जाड, गंजलेला, तोंडाला झाकण बसवून बंद केलेला. मिठाच्या कारखान्यानं कधीकाळी तिथं बोअर घेतली होती आणि काम झाल्यावर पाइप तसाच सोडून दिला होता. वर्षानुवर्षं त्याच्यावर पायपुसणी वाळत होती. आता फुलांच्या माळांखाली त्याचा गंजही दिसत नव्हता.

या खांबात देव आहे असं सांगणारे महाराज पुढे आले आणि गुडघे टेकून बसले. मागच्या बैठकीला त्यांनी अगदी मातीलगत पाइपभोवती चुन्याचं कडं काढलं होतं. आता कडं आणि माती यांच्यात फट पडली होती. महाराजांनी फटीत आडवं बोट घातलं. चपखल बसलं.

"कुणी ओढला का? कुणी ढकलला का? आपणहून वर आला! एक बोट देव वर, एक बोट पाप खाली! डोकं लावू नका बाबांनो, कान लावा!"

लोकांनी रांग लावली आणि कान लावले. पाइपातून घूंऽऽ असा आवाज यायचा. एक आजोबा तर ऐकता ऐकता हमसून रडायला लागले. कारखान्याचा भोंगा वाजला की हा आवाज थोडा वेळ बंद पडायचा. त्या वेळी देव ध्यानाला बसतो, असं महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं. देव कारखान्याच्या पाळ्या कशाला सांभाळतो, असा प्रश्न काही कुणाला पडला नाही.

परसाच्या दारात उभी राहून हे बघणाऱ्या बाईला घरात सगळे धाकटी म्हणत. घर तिच्या ताईचं होतं. जमिनीच्या पोटात काय चाललंय याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत धाकटी संशोधक होती, आणि या खेपेला ती काही पाहुणचाराला आली नव्हती. वस्तीखाली मिठाचा थर होता. कारखाना आत पाणी सोडायचा, मीठ विरघळवायचा आणि खारं पाणी वर उपसून घ्यायचा. मीठ गेलं, पोकळी राहिली. धाकटीच्या संस्थेनं त्यावर उपाय काढला होता. कारखान्याच्या भट्ट्यांची जी राख ढिगांनी साठून नदी नासवत होती, तीच सिमेंटात कालवून या पोकळ्यांमध्ये भरायची. जमीन सावरेल, नदी सुटेल, कारखानाही चालेल. प्रयोगशाळेत ते जमलंही होतं. पण भरायला आधी भोकं पाडावी लागणार होती, आणि तेवढा काळ घरं रिकामी करावी लागणार होती. बोअरची गाडी नाक्यावर येऊन उभी होती आणि तिच्यापुढे भक्त आडवे झोपले होते. देवाच्या अंगाला भोक पाडायचं म्हणजे काय!

"ताई, घर सोड. आजच्या आज," धाकटी स्वयंपाकघरात शिरत म्हणाली.

"आधी चहा घे."

"चहा गेला खड्ड्यात. ही भिंत बघ." धाकटीनं भिंतीवरचा महाराजांचा फोटो बाजूला केला. मागच्या भेगेत अख्खा पंजा गेला असता.

"फोटो सरळ कर," ताई शांतपणे म्हणाली.

"आणि हे दार?"

"घासतंय म्हणून दोनदा रंधा मारून घेतला. महाराज म्हणतात, देव घरात येतो तेव्हा दार जड होतं."

"दार जड होत नाही गं बाई, चौकट वाकते!"

ताईनं पातेलं ओट्यावर आदळलं. "तुला काय जातंय बोलायला? तू मोजमाप करशील आणि निघून जाशील. मला ह्यांना उभं करायचंय."

खरी गोष्ट ही होती. ताईचा नवरा कारखान्यात उंचावरून पडला होता, तेव्हापासून त्याच्या कमरेखाली जीव नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले. महाराजांनी मात्र शब्द दिला होता की खांब पुरुषभर उंच झाला की त्याच दिवशी हा आपल्या पायांवर उभा राहील. तेव्हापासून ताई रोज सकाळी खांबाला पाठ लावून उभी राहायची आणि तो आपल्या कुठवर आला ते हातानं चाचपायची. कमरेच्या वर आला होता. बिचारी खूश होती. जमीन जेवढी खचत होती तेवढी तिची आशा वाढत होती, आणि हे धाकटीला कळत होतं.

"मेव्हणीबाई," बाजेवरून भावजींनी हाक मारली, "भांडू नका. देव उभा राहतोय, माझाही नंबर लागेल. एवढा पडून राहिलोय, आणखी थोडं." ते हसले, पण धाकटीकडे बघितलं नाही.

ताईच्या सासूबाईंशी तर बोलायची सोयच नव्हती. त्या पहाटे उठून पदरानं खांब पुसायच्या आणि दिवसभर त्याच्यापाशी बसून राहायच्या. "तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव, पोरी," त्या म्हणाल्या. "मी आई आहे. मला पुरावा लागत नाही."

धाकटी तडक कारखान्याच्या पंपघरात गेली. तिथला पंपवाला भावजींचा जुना सोबती. महाराजांचं नाव काढताच तो कपाळाला हात लावून हसला. "कसला महाराज! आमच्या बोअरच्या गाडीवर होता तो. तो पाइप घातला तेव्हा आम्ही दोघं होतो तिथं. मिठाच्या थरातून आरपार नेऊन खालच्या काळ्या पाषाणात रोवलाय. अजून आमच्या लाइनीला जोडलेला आहे. इथं पंप घुमला की तिथं देव बोलतो."

"मग तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. बायकोनं दोन दिवस जेवायला वाढलं नाही. साहेब म्हणाले, गप बस, लोक खूश आहेत, भेगांच्या तक्रारी आपोआप बंद झाल्यात." त्यानं हात पुसले. "साहेबांच्या मिसेसनी हारही पाठवला होता."

पुढच्या बैठकीला ठरल्याप्रमाणे पंपवाल्यानं मध्येच पंप बंद केला. कान लावून बसलेली बाई दचकून मागे सरली. देव मुका झाला. धाकटी परसातल्या ओट्यावर चढून सांगू लागली की हा आवाज पंपाचा आहे, पंप थांबला म्हणून थांबला. तिला वाटलं, आता लोकांचे डोळे उघडतील. शिकलेली माणसं कधी कधी फार भाबडी असतात.

"पाखंडी पाय पडला!" महाराज कडाडले. "देव रुसला!"

झालं. गर्दी उसळली. कुणीतरी धाकटीचा दंड धरून तिला खाली ओढलं, कुणाचा तरी दगड तिच्या कपाळाला लागला आणि भुवईवरून रक्त ओघळलं. तेवढ्यात ताई मध्ये शिरली.

"खबरदार! बहीण आहे माझी." मग ती धाकटीकडे वळली. डोळ्यांत पाणी आणि आवाजात राग. "तुला काय मोजायचंय ते एकदा सगळ्यांसमोर मोज आणि माझा पिच्छा सोड. देव काय खोटा ठरणार आहे?"

महाराजांना नाही म्हणता येईना. घरच्याच बाईनं देवावर विश्वास टाकला होता, आता मागं सरायचं तरी कसं?

धाकटीनं आणलं काय, तर गवंड्याची पाण्याची नळी. पारदर्शक, लांबलचक, पाण्यानं भरलेली. नळी कशीही वेडीवाकडी टाका, दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला थांबतं. चौथरा एका पातळीत आहे की नाही हे गवंडी असंच बघतो, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गल्लीच्या टोकाला शाळा होती, ती उघड्या काळ्या खडकावर बांधलेली. तिथं खाली मीठ नव्हतं. शाळेच्या भिंतीवर धाकटीनं तांबडी रेघ मारली, नळीनं तीच पातळी पकडून दुसरी रेघ खांबावर मारली आणि तिसरी ताईच्या दाराच्या चौकटीवर.

"आता नीट ऐका," ती कपाळावर रुमाल दाबून म्हणाली. "आठ दिवसांनी परत बघू. देव वर येत असेल तर खांबावरची रेघ पाण्याच्या वर गेलेली दिसेल, आणि मी तुमच्या पाया पडून गाडी घेऊन जाईन. पण खांबावरची रेघ पाण्याला चिकटून राहिली आणि चौकटीवरची पाण्याखाली गेली, तर काय समजायचं ते तुम्हीच समजा."

ते आठ दिवस धाकटीनं ताईच्याच घरी काढले. ताई तिच्याशी कामापुरतं बोलली, भावजी मात्र दर थोड्या वेळानं चौकटीकडे बघत होते.

आठव्या दिवशी गल्ली गच्च भरली. शाळेपाशी पंपवाल्यानं नळीचं टोक रेघेला लावून धरलं. धाकटीनं दुसरं टोक खांबाला लावलं. पाणी हललं, डुचमळलं आणि स्थिर झालं. बरोबर रेघेवर, वर नाही आणि खालीही नाही. रेघा मारल्या त्या दिवशी महाराजांनी मातीलगत नव्यानं काढलेलं चुन्याचं कडं मात्र मातीपासून दोन बोटं वर गेलेलं सगळ्यांना दिसत होतं.

"आता तू धर," धाकटीनं नळी ताईच्या हातात दिली.

ताईनं ती स्वतःच्या दाराला लावली. पाणी थांबलं. रेघ पाण्याच्या दोन बोटं खाली होती. ताईनं नळी झटकली, परत लावली. तिसऱ्यांदा लावली.

"साखरेच्या बरणीत चमचा खोचलेला असतो," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "साखर संपत जाते तसा चमचा जास्त दिसायला लागतो. चमचा वाढतो का, ताई? खांब आहे तिथंच आहे. आपण खाली चाललोय."

ताईनं तिच्याकडे बघितलं. "म्हणजे... हे उठणार नाहीत?"

मैलभर नळी टाकून मोजता येईल, पण या प्रश्नाचं उत्तर द्यायला छाती लागते. "नाही, ताई," धाकटी म्हणाली, आणि तिला आपल्या खरेपणाचा पहिल्यांदाच संताप आला.

पंपवाला गर्दी सारत पुढं आला आणि त्यानं महाराजांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय रे, पाइप कुठं टेकवलाय ते तूच सांग ना. बोअरच्या गाडीवर तूच होतास की."

महाराजांचा आवाज एकदम साध्या माणसाचा झाला. "होतो. जमीन खचतेय हे मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. मजुराचं कोण ऐकणार होतं? देव म्हटल्यावर ऐकलं सगळ्यांनी."

"मग देवाच्या तोंडून एवढंच सांगायचं होतंस," धाकटी ओरडली, "की इथून निघा! ऐकलं असतं ना? उलट तू माणसं गोळा केलीस, याच जमिनीवर!"

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात महाराज कुठून सटकले ते कुणाला कळलं नाही. मग मात्र पळापळ झाली. वाकलेल्या चौकटीतून भावजींची बाज निघेना, शेवटी खिडकी फोडून त्यांना बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत गल्ली शाळेत आली. सासूबाईही आल्या, कुणाशी एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी, ऊन चढल्यावर, ताई भावजींना भरवत होती. सासूबाई जागेवर नाहीत हे आधी भावजींच्या लक्षात आलं. "आई कुठाय?" त्यांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, घराकडे जाताना दिसल्या. "म्हणाल्या, खांब पुसायचा राहिलाय."

धाकटी धावली. ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला आणि समोरची छपरं खाली बसली. ताईचं घर, शेजारची दोन, परस, कुंपण. धूळ खाली बसल्यावर खड्डा दिसला, तळाशी मातकट पाणी आणि मधोमध तो पाइप, दोन पुरुष उंच, ताठ उभा. म्हातारी सापडली नाही. शाळेच्या खोलीतून भावजींच्या हाका बराच वेळ ऐकू येत राहिल्या, आणि त्यांच्याजवळ बसण्यापलीकडे कुणाला काही करता आलं नाही.

एवढ्यावर तरी लोक शहाणे व्हावेत की नाही? आठवडा उलटायच्या आत खड्ड्याभोवतीच्या तारेच्या कुंपणावर फुलं दिसू लागली. म्हातारीची भक्ती खरी होती म्हणून देवानं तिला पोटात घेतलं, बघा म्हणे खांब एका क्षणात केवढा झाला. पलीकडच्या गल्लीत भोकं पाडायला निघालेली बोअरची गाडी लोकांनी खड्ड्यापाशीच पुन्हा अडवली. म्हातारी आता सती झाली, तिच्या जागेला धक्का लावायचा नाही, असं एक नवाच माणूस डोळे मिटून सांगत होता.

धाकटी बोलायला पुढं झाली, तर ताईनं तिला हातानं मागं सारलं. कुंपणावरची फुलं तिनं एकेक करून काढली आणि गर्दीसमोर उभी राहिली.

"माझ्या सासूबाईंना देवानं नेलं नाही," ती म्हणाली. "खालचं मीठ काढलं आणि वरची माणसं हलवली नाहीत, म्हणून त्या गेल्या. ज्याला ठाऊक होतं तो देव देव करत बसला, साहेब हार पाठवत बसले, आणि मी रोज सकाळी खांबाला पाठ लावून आनंद मानत बसले. देवानं नेलं म्हटलं की कुणाचीच चूक उरत नाही, माझीसुद्धा. मला तशी सुटका नको."

"बाई, श्रद्धेला असं बोलू नये," नवा माणूस म्हणाला.

"श्रद्धा तुमच्या घरात ठेवा, कुणी हिसकावत नाही. पण भिंत तडकली तर का तडकली ते विचारा. जमिनीतून आवाज आला तर कशाचा आला ते विचारा. जो माणूस विचारू नका म्हणतो, त्याच्यापासून पोरंबाळं लांब ठेवा. आम्ही वेळेवर विचारलं असतं तर त्या आज जिवंत असत्या." तिचा आवाज फुटला, तरी ती हलली नाही. "तुमच्या घरांत अजून म्हाताऱ्या आहेत ना? मग गाडीला वाट द्या."

मग मागच्या बाजूची एक बाई कडेला सरली आणि तिनं आपल्या सासूचा हात धरून तिलाही कडेला घेतलं.