सोबतची व्यक्ती

अर्ज लिहिणं हा माझा धंदा आहे. प्रादेशिक बससेवेच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षं हेच करतोय. सरकारकडे नव्या गाड्या मागायच्या, थांब्यांना छप्पर मागायचं, आणि मागताना आपण अगदीच हात पसरलेले दिसणार नाही याची काळजी घ्यायची. ऑफिसात मला 'अर्जमास्तर' म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. खरं सांगायचं तर चार महिन्यांपासून मला कसलाच राग येत नाही. बायको गेली तेव्हापासून दाढ काढण्याआधी सुई मारतात तसं माझं झालंय. हात लावला तर गाल आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही. लोकांना वाटतं मी धीराने घेतोय. साहेब चारचौघांत माझं उदाहरण देतात.

यंदा अनुदानाची अट कडक होती. ज्या मार्गावर फेरीला किमान अकरा नेहमीचे प्रवासी, त्याला नवी गाडी. ज्यावर नाहीत, तो मार्ग बंद. अधलंमधलं काही नाही. आमचे मार्ग बावीस. त्यातल्या एकवीस मार्गांची माहिती मी डोळे झाकून भरली. राहिला चौदा नंबर. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी सात दहाला खाणीजवळच्या वस्तीतून निघून रुग्णालयात जाणारी बस. तिकिटाच्या मशीनमधून आकडा निघाला: फेरीमागे सरासरी अर्धा प्रवासी.

"अर्धा?" साहेब म्हणाले. "कमरेच्या वरचा की खालचा?"

मी हसलो नाही, पण विनोद वाया गेला नाही, ते स्वतःच हसले. मग म्हणाले, "काट मारा त्याच्यावर. शुक्रवारी अर्ज गेला पाहिजे."

मी पेन उचललं आणि परत ठेवलं. त्याच बसने माझी बायको दोन वर्षं डायलिसिसला जायची. घरी आली की बसमधल्या गमती सांगायची. शिंपीकाका खिडकीसाठी कसे भांडतात, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई ड्रायव्हरच्या वळणावळणाला कसे मार्क देतात. अर्ध्या माणसाला खिडकीसाठी भांडायला निदान दुसरा अर्धा तरी लागेल. मी मात्र तिच्याबरोबर एकदाही गेलो नव्हतो. "हा अर्ज एकदा जाऊ दे, मग येतो," म्हणायचो. ती "बरं" म्हणायची. अर्ज गेला की पुढचा यायचा.

त्या वस्तीत दुसरी गाडी जात नाही. बस बंद झाली तर ही माणसं रुग्णालयात पोचणार नव्हती, आणि डायलिसिस काही पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही. बुधवारी सकाळी मी चौदा नंबरमध्ये चढलो, मागच्या सीटवर बसलो आणि डोकी मोजली. दहा भरली. दहाही जणांच्या हातावर चिकटपट्ट्यांचे डाग होते. कंडक्टरबाईंनी एकालाही तिकीट विचारलं नाही.

रुग्णालयाच्या फाटकाशी सगळे उतरल्यावर मी कंडक्टरबाईंना गाठलं. "बाई, तुम्ही यांना तिकीट देत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच काहीतरी बिनसलंय. "मास्तर, तुम्हीच तर सांगितलं होतं."

"मी?"

"फोन नव्हता केला? वहिनी पहिल्यांदा चढल्या त्या दिवशी. म्हणालात, तिला तिकीट विचारू नका, दोन दिवसांत पास करून देतो. आता एकीला सोडायचं आणि तिच्या शेजारच्यापुढे हात करायचा, ते मला काही जमेना. सगळे एकाच दुखण्याचे. मी म्हटलं, सगळ्यांचेच पास होऊ देत. फॉर्म भरून घेतले आणि तुमच्या टेबलावर आणून ठेवले. अकरा."

"मग मला आठवण नाही केलीत?"

"चारदा केली. दर वेळी म्हणालात, एक शिक्का राहिलाय."

फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्येच होते. फोटो लावलेले, टाचणी गंजलेली. रुग्णालयाचा शिक्का राहिला होता, आणि अर्धवट अर्ज मी पुढे पाठवत नाही. एकोणीस वर्षांत माझा एकही अर्ज त्रुटी काढून परत आलेला नाही, आणि त्याचा मला तोरा आहे. शिक्क्यासाठी रुग्णालयात जावं लागलं असतं. ते मी टाळत होतो. सातवा फॉर्म तिचा होता. फोटोत तिने केस नीट विंचरले होते. मी ड्रॉवर लावून टाकला.

मशीनचा आकडा लिहिला तर मार्ग बंद. खरा आकडा लिहिला तर दोन वर्षं माणसं फुकट नेल्याबद्दल कंडक्टरबाईंची नोकरी जाणार, आणि त्यांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. अर्जात 'तफावतीचे कारण' असा एक रकाना असतो. तो मी आजवर नेहमी 'लागू नाही' म्हणून सोडला होता. या वेळी त्यात लिहिलं: 'सदर प्रवाशांचे पासचे अर्ज कार्यालयातील लिपिकाने दोन वर्षे स्वतःकडे ठेवून घेतले. कंडक्टरचा दोष नाही.' खाली लिपिक म्हणून माझीच सही केली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"हो," मी म्हणालो. पाय तरी कुठे जाणवत होता.

पुरावा म्हणून रुग्णालयाच्या रजिस्टरच्या प्रती जोडायच्या होत्या. गुरुवारी मी डायलिसिसच्या विभागात गेलो. नर्सने वर्षभराचं जाड रजिस्टर पुढ्यात ठेवलं. नाव, वेळ, कशाने आलात, सोबतची व्यक्ती. 'कशाने' खाली सगळीकडे बस, बस, बस. माझं काम झालं होतं. मग नजर शेवटच्या रकान्यात गेली. कुणी 'मुलगा' लिहिलं होतं, कुणी 'सून'. शिंपीकाकांनी दर वेळी 'देव' लिहिलं होतं. सातव्या ओळीत माझ्या बायकोच्या अक्षरात होतं: 'नवरा येतोय.'

मी पान उलटलं. नवरा येतोय. पुढचं पान. नवरा येतोय. सोमवार, बुधवार, शुक्रवार. हळूहळू अक्षर मोठं आणि वाकडं होत गेलं. शेवटच्या दोन आठवड्यांत नुसतंच 'येतोय' होतं.

"सोबत माणूस असल्याशिवाय मशीन लावायचं नाही असा नियम आहे," नर्स म्हणाली. "म्हणून सगळे ठोकून देतात काहीतरी. आम्हीही चालवून घेतो, काय करणार? पण या ताई खरंच दाराकडे बघत बसायच्या. मी म्हणायची, कुठे आहेत तुमचे मिस्टर? तर म्हणायच्या, त्यांचा एक अर्ज जायचाय, तो गेला की येतील. तुम्ही ओळखता का त्यांना?"

"ऑफिसच्या कामासाठी आलोय," मी म्हणालो.

मी सगळ्या पानांच्या प्रती काढल्या, पासच्या फॉर्मवर शिक्के मारून घेतले आणि अकरा नावांची यादी केली. शिक्के मारायला सहा मिनिटं लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. काही वाटेना, आणि वाटत नाही याची मात्र लाज वाटली. शुक्रवारी अर्ज गेला. साहेबांनी माझ्यावर चौकशी लावली आणि ती संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्यांचा नाइलाज होता, मीच लेखी दिलं होतं.

पुढच्या गुरुवारी मी टेबल आवरायला ऑफिसात गेलो असताना राजधानीतल्या अनुदान विभागातून फोन आला. बोलणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती.

"चौदा नंबरबद्दल विचारायचंय. प्रवासी क्रमांक सात. यांच्या नोंदी चार महिन्यांपूर्वी थांबतात. सेवेबद्दल काही तक्रार होती का?"

"नाही. बस वेळेवर असायची."

"मग प्रवास का थांबवला? इथे कारण लिहावं लागतं मला."

"वारल्या."

"अच्छा." पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "मग नाव यादीत कसं?"

बुधवारी मी स्वतः दहा डोकी मोजली होती. तरी यादी करताना अकरा नावं लिहिली होती आणि तीनदा तपासलीही होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अर्जात त्रुटी निघाली.

"माझी बायको होती," मी म्हणालो. ती गेली हे मी कुणाला मोठ्याने सांगितलंच नव्हतं, माझ्या आधी सगळ्यांना कळलेलं होतं. "काट मारायची राहिली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, पण ती सर्दी होती. "वाईट झालं. पण मग दहाच राहतात हो. अट अकराची आहे."

"मशीनमध्ये अर्धा आहे."

"अर्धा चालत नाही."

तो चालत नाही हे मला ठाऊकच होतं. मी यादीकडे बघत राहिलो. "रुग्णाच्या सोबत येणारा माणूस प्रवासी म्हणून धरता का?"

"नेहमीचा असेल तर धरतो. तात्पुरता नाही. रजिस्टरला सही लागेल. सोमवारी आमचा माणूस बसमध्ये मोजायला येतोय, आणि नंतरही अधूनमधून येईल. आहे का असं कोणी?"

"आहे," मी म्हणालो. "नेहमीचा."

सोमवारी सात वाजता मी वस्तीच्या थांब्यावर उभा होतो. शिंपीकाकांना रविवारीच जाऊन विचारलं होतं. ते म्हणाले होते, "मला कशाला सोबत? सुया लावल्यावर मी काय पळून जाणार आहे?" पण नको म्हणाले नाहीत. बसमध्ये त्यांनी खिडकी घेतली आणि मला शेजारी बसवलं. कंडक्टरबाईंनी नव्या पासांवरून नजर फिरवली, माझ्यापुढे येऊन मशीन धरलं आणि मला तिकीट दिलं. पुढे बसलेला मोजणीवाला पेन नाचवत मागे वळला आणि एकेका डोक्यावर थांबत गेला. नऊ, दहा. माझ्यावर जरा थांबला. अकरा. त्याने कागदावर खूण केली आणि पुढे तोंड करून बसला.

रुग्णालयात काकांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. सोबतच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. नर्सने आडनाव वाचलं, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटलं.

"आता मी काय करायचं असतं?" मी काकांना विचारलं.

"काही नाही. बाहेर बसायचं. चार तास लागतात."

दारासमोर एक बाक होतं. दाराला काच होती आणि काचेतून आतल्या खुर्च्या दिसत होत्या. सगळ्या दाराकडे तोंड करून मांडलेल्या. काकांना मशीन लागलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी आहे हे बघितलं आणि डोळे मिटले. त्यांच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती.

मी बसून राहिलो. फरशीचे तुकडे मोजले, भिंतीवरच्या सूचना वाचल्या, पुन्हा वाचल्या. पाय अवघडले. कोणी आलं नाही, गेलं नाही. बराच वेळ झाला असेल असं वाटून मी घड्याळात पाहिलं. वीस मिनिटं झाली होती.