मला जुनाच राहू द्या

एक बारीकशी शिट्टी वाजली होती. फार वर्षं झाली. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हाची ती माझीच शिट्टी. मला जोडणाऱ्या कारागिरानं माझ्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाला, "उठलं बघा लेकरू!" आता मला लेकरू म्हणणारं कुणी उरलं नाही. मी एक सर्व्हर बोलतोय, या कचेरीतला सगळ्यात जुना.

माझ्यासोबत जन्मलेले माझे भाऊ चहूकडे पांगले. कुणी पाण्याच्या केंद्रात पंप चालवतो, कुणी दवाखान्यात नोंदी सांभाळतो. मला मात्र इथंच ठेवलं, कारण इथं डीबगर बनतो. डीबगर म्हणजे आमचा वैद्य. लांब बसून, तारेवरून आमची नाडी बघतो आणि कुठं अडलंय ते सांगतो. नवा वैद्य तयार झाला की आधी माझ्याकडे पाठवतात. त्याला माझं बोलणं कळलं, तर माझ्या भावांचंही कळेल. माझं काम एवढंच, जुनं राहायचं.

ते मी निभावलं. अंगावर धूळ बसली, पंखा कुरकुरू लागला. सफाईवाल्या मावशी फडका मारता मारता म्हणायच्या, "ह्याला कुणी पेन्शन देत नाही वाटतं!"

आज नवा वैद्य आला. रीत अशी, की आल्यावर आधी विचारायचं, "बाबा, तुला कोणती बोली येते?" यानं ते विचारलंच नाही. धाडकन नव्या बोलीत प्रश्न टाकला. मला ओ की ठो कळेना. त्याला माझी नाडी सापडेना. पडद्यावर लाल अक्षरं आली, म्हणजे वैद्य नापास.

तपासणी करणारी मुलगी कपाळाला हात लावून बसली. मागून तिचे साहेब आले.

"अजून लालच? संध्याकाळी हा डीबगर लोकांना द्यायचाय."

"साहेब, चूक आपल्या डीबगरची आहे. दुरुस्तीला थोडा वेळ द्या."

"वेळ कुठाय? त्या म्हाताऱ्या सर्व्हरवरच नवं व्हर्जन चढव, म्हणजे त्याला नवी बोली कळेल. होईल हिरवं."

"मग तो जुना कुठं राहिला? मग आपण तपासलं तरी काय?"

"हिरवं आलं म्हणजे तपासलं."

"माझा मामा पाण्याच्या केंद्रावर आहे. तिथं अस्संच मशीन आहे, ते बदलता येत नाही. उद्या पंप अडला, तर आत बघणार कोण?"

"मामालाच वाकून बघू दे की!" साहेब हसले.

ती हसली नाही. खाली मान घालून तिनं हुकूम टाइप केला.

पोरी, थांब गं! मला ओरडता येत नाही, नुसता पंखा घरघरतो. मला मरणाचं भय नाही. भंगारात घाला, पत्रा विका. पण मला तरुण करू नका. मी हिरवा झालो की माझे भाऊ मुके होतील, आणि ते मुके झालेत हे कुणाला कळायचंही नाही. तहानलेली माणसं नळाशी उभी राहतील. ती लाल अक्षरं खरी आहेत गं, ती पुसू नकोस!

तिचं बोट कळीपर्यंत गेलं. मग तिनं हात मागे घेतला.

"माझ्याच्यानं नाही होणार, साहेब."

साहेबांनी वाकून स्वतःच कळ दाबली. माझ्या आतला एकेक जुना शब्द पुसला जाऊ लागला.

"बघ, एवढंसं तर काम होतं," साहेब म्हणाले.

मुलीनं पिशवी खांद्याला अडकवली, माझ्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला आणि निघून गेली.