त्र्यंबकरावांचं शुद्ध ताट

"मराठीच्या ताटात परक्यांचं खरकटं फार झालं! आजपासून चातुर्मास संपेपर्यंत ज्या पदार्थाचं नाव परक्या भाषेतून आलं, तो पदार्थ या तोंडात जाणार नाही, हे मी देवासमोर जाहीर करतो!"

एकोणीसशे चौपन्नच्या आषाढी एकादशीला, डोंबिवलीत आमच्या शेजारच्या घरात, त्र्यंबकराव खांबेट्यांनी ताम्हनात पाणी सोडून ही प्रतिज्ञा केली. तिच्यातला 'जाहीर' अरबस्तानातला होता, पण नेम खाण्याचा होता, बोलण्याचा नव्हता, म्हणून तो सुटला. साबुदाणा सुटला नाही.

रंगूबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, उपासाची खिचडी पुढे ठेवली. त्र्यंबकरावांनी घास उचलला, मिशीपर्यंत नेला आणि तिथेच थांबले.

"काय झालं? खारट झालीय का?"

"नाही. साबू मलायाचा निघाला."

"कुठला?"

"मलाया. समुद्रापलीकडे आहे."

"बरं. आणि बटाटा?"

"पोर्तुगीज."

रंगूबाईंनी साबुदाणा काढला, बटाट्याच्या फोडी काढल्या. "दाणे?"

त्र्यंबकरावांनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला. "फारशीत दाना आहे, पण संस्कृतात धानाही आहे. चुलत भाऊ दिसतात. दाणे राहू दे."

अशा रीतीने त्या वर्षीची महा-एकादशी मूठभर शेंगदाण्यांवर पार पडली. आम्ही सगळ्यांनी खिचडी खाल्ली.

चातुर्मासात आपल्याकडे कोणी कांदा सोडतो, कोणी वांगं सोडतो, कोणी मौन धरून जेवतो. शब्दाचं मूळ बघून जेवणारा माणूस डोंबिवलीने पहिल्यांदाच पाहिला. त्र्यंबकराव मुंबईला सरकारी कचेरीत भाषांतरकार होते आणि शब्दांची कुळं शोधणं हे त्यांचं व्यसन होतं. जेवताना ते घासागणिक व्युत्पत्ती सांगत. दुसरा कोणी असता तर अडचणीच्या पदार्थाकडे काणाडोळा करून जेवला असता. त्र्यंबकराव माणसांच्या बाबतीत थोडंफार खोटं बोलत, शब्दांच्या बाबतीत कधी नाही.

आता या नेमाचं मूळही सांगायला हवं. ते होतं गुरुदत्त कुलकर्णी.

खांबेट्यांची थोरली शीला ठाण्याच्या एका शाळेत शिकवायची. त्याच शाळेत गुरुदत्त गणित शिकवायचा. मुलगा उंच, निर्व्यसनी, कुलकर्ण्यांचा. त्र्यंबकराव खूश होते. मग एके दिवशी त्यांनी सहज विचारलं, "मूळचे कुठले?" गुरुदत्त म्हणाला, "धारवाडचे. घरी आम्ही कानडीच बोलतो."

त्र्यंबकरावांचा चेहरा असा झाला, की जणू ताटात पाल पडली.

"परक्या भाषेच्या घरात मुलगी द्यायची नाही," त्यांनी सांगून टाकलं. "भाषा गेली की सगळं गेलं." आणि हे नुसतं बोलणं नाही, हे घरादाराला कळावं म्हणून पुढच्याच आठवड्यात त्यांनी तो नेम धरला.

शीला रडली नाही की भांडली नाही. तिने वडिलांशी, म्हणजे तिच्या अण्णांशी, बोलणं फक्त 'हो' आणि 'नाही'वर आणलं. पण तिकडे धारवाडला गुरुदत्तच्या आईने दुसरी मुलगी बघायला घेतली होती. गणपतीपर्यंत खांबेट्यांकडून होकार आला नाही, तर ती मुलगी नक्की, असा निरोप आला. शीलाने तो आईला सांगितला. आईने ऐकून घेतला आणि गॅसबत्तीची काच पुसत बसली.

इकडे त्र्यंबकरावांचं ताट दिवसेंदिवस शुद्ध होत चाललं. चहा चीनचा म्हणून गेला. कॉफी अरबांबरोबर गेली. पाव, पेरू, काजू आणि कोबी एकाच गलबतात बसून लिस्बनला परत गेले. सत्यनारायणाला आमच्याकडे आले तेव्हा शिऱ्याचा द्रोण त्यांनी कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. "फारशी आहे हो," असं हळहळत म्हणाले.

उरली कारली आणि पडवळ. दोन्हींचं कूळ थेट संस्कृतात पोचत होतं. मानपाड्याहून तुळसा भाजीची पाटी घेऊन यायची, ती एकदा ओट्यावर टेकून म्हणाली, "काय गो वहिनी, रोज कारलंच? बटाट्यानी काय दरोडा घातला का तुमच्या घरात?"

"बटाटा परदेशी आहे म्हणे."

"माझ्या दिराच्या वावरातला हाय त्यो!" तुळसा भडकली. "परदेशी म्हनं!"

चहावाचून त्र्यंबकरावांना कचेरीत झोप यायला लागली. सदऱ्याची कॉलर मानेभोवती फिरू लागली. (कॉलरीचं मूळ कोणी काढलं नाही. ती खायची नसते.) पण एक सुख शिल्लक होतं. गरम भात, वर पिवळं वरण, त्यावर चमचाभर साजूक तूप. भातावर तूप पडत असताना त्र्यंबकराव नेमाने छताकडे बघायचे. रोज कारल्याची वंशावळ सांगणारा माणूस तुपाबद्दल मात्र अक्षर काढत नसे. हे माझ्या लक्षात आलं होतं. रंगूबाईंच्या आलं होतं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

गणपती आले. गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्याला दारातून परत पाठवता येत नाही, आणि जेवायच्या वेळेला आला तर पान मांडावंच लागतं. रंगूबाईंनी गुरुदत्तला वेळ सांगितली होती ती बरोबर जेवायचीच.

पंगतीला त्र्यंबकराव, त्यांच्या शेजारी मी, समोर गुरुदत्त. शीला वाढत होती. केळीच्या पानावर मोदक आले. मोदक संस्कृत. त्यातला गूळ आणि नारळही आपलेच. त्र्यंबकरावांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला होता. मोदकाचं नाक चिमटीत धरून त्यांनी तो उघडला आणि सवयीप्रमाणे छताकडे बघायला लागले.

तूप पडलं नाही.

त्यांनी खाली पाहिलं. रंगूबाई तुपाची तांबली घेऊन उभ्या होत्या. चमचा मोदकाच्या बरोबर वर थांबला होता.

"अगं, वाढ ना."

"वाढते. पण गणपतीसमोर बसलाय, म्हणून एकदा विचारते. तूप कुठलं?"

"आपल्या गोठ्यातलं. त्यात काय विचारायचं?"

"गोठ्याचं नाही हो विचारत. शब्द कुठला?"

त्र्यंबकरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी चटणीकडे पाहिलं.

"त्याबद्दल मतभेद आहेत," ते पुटपुटले.

"आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नव्हते मतभेद. मी अनारसे तळत होते, तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून सांगत होतात, की तूप हा शब्द कानडी. तिकडे तुप्प म्हणतात."

"हो, तुप्पच म्हणतो आम्ही," गुरुदत्त आनंदाने म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून पानातलं मीठ सरळ करायला लागला.

"तेव्हा तुम्ही सांगा तसं करते," रंगूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "कानडी परकी असेल, तर ही तांबली आत नेते. कार्तिकीपर्यंत काढत नाही. परकी नसेल, तर वाढते."

शीलाच्या हातातली वरणाची वाटी कलली होती. ते वरण माझ्या पानात पडत होतं, पण ती वेळ बोलायची नव्हती.

त्र्यंबकरावांनी कोरड्या मोदकाकडे पाहिलं. मग शीलाकडे.

"अण्णा," शीला म्हणाली. दोन महिन्यांत 'हो' आणि 'नाही' सोडून हा तिचा पहिलाच शब्द होता.

"अण्णासुद्धा तिकडचाच," त्र्यंबकराव हळूच म्हणाले. "बोलायला लागल्यापासून पोर मला कानडीत हाक मारतेय." त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली, आणि आवाज एकदम आषाढीचा झाला. "कानडी परकी आहे असं म्हटलं कोणी? एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या या दोन जावा! शब्दांची देवघेव ही काय आजची आहे? ज्या भाषेनं माझ्या भातावर तूप घातलं, तिच्या घरी माझी मुलगी सुखातच राहील!"

"म्हणजे?" रंगूबाईंनी चमचा अजून खाली आणला नव्हता. "नीट सांगा. धारवाडला काय कळवायचं?"

"कळव, तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त. आता वाढतेस का?"

तूप पडलं. या वेळी ते छताकडे न बघता तुपाकडे बघत होते. शीला वाटी तशीच घेऊन आत पळाली आणि गुरुदत्तने भरल्या पानावर उठून नमस्कार केला. असं करू नये असं त्याला कोणीही म्हणालं नाही.

जेवणं झाल्यावर त्र्यंबकराव माझा हात धरून मला मागच्या अंगणात घेऊन गेले. मला वाटलं, डोळे पुसायचे असतील. त्यांनी आजूबाजूला बघून आवाज उतरवला.

"नाना, सोयरीक जुळली की भाषा घरची होते, हे आता ठरलंच. नेम मोडायचा प्रश्न नाही. पण माझा एक पुतण्या आहे, लग्नाचा. तुमचं वसईकडे जाणं-येणं असतं. एखादं बऱ्यापैकी पोर्तुगीज घराणं बघून ठेवाल का? कार्तिकीच्या आत जमलं तर फार बरं. बटाट्याची फार आठवण येते हो."