फाटका ओठ

कोरेगावचा गुंडा चव्वेचाळीस साली इटलीच्या लढाईत पडला. बिनलग्नाचा पोरगा. असा गेलेला माणूस वीर होतो आणि त्याचा टाक देवाऱ्यात बसवतात, ही आमच्याकडची रीत. टाक म्हणजे चांदीचा ठोकीव पत्रा. घोडा, तलवार, मिशा. मेलेला कुणाचाही असो, तोंड तेच.

त्याच्या आईला, बनुबाईला, टाकावर पोराचंच तोंड हवं होतं, मग पत्रा तांब्याचा का असेना. फोटो नव्हता. म्हणून ती थोरल्या लेकाला, नाथाजीला, घेऊन सांगलीला जयपालकडं आली. जयपाल माणसांची चित्रं काढायचा. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवून सुईनं रेघ ओढायची, मग पत्रा तेजाबात सोडायचा. सुईनं उघडं पाडलं तेवढंच तांबं तेजाब खातं.

नाथाजी सांगत गेला, जयपाल ओढत गेला. फेटा, कपाळ, नाक. बनुबाईनं पाहिलं.

"ह्यो कोण रं?"

"गुंडाच की," नाथाजी म्हणाला.

"मग त्याचा ओठ कुठं हाय?"

लहानपणी बैलाचं शिंग लागून गुंडाचा वरचा ओठ फाटला होता. वाकडाच जुळला.

"आये, देवाऱ्यात व्यंग चालत न्हाई. भंगलेली मूर्त कुणी पुजतं व्हय? भाऊबंद तोंडात शेण घालतील."

हे भाऊबंद कोण? त्याला जन्मभर 'ए फाटक्या' म्हणून हाक मारणारे. त्याच्यासाठी पोरगी बघायला न जाणारे. जित्याला हसायचं आणि मेल्यावर ओठ शिवून त्याचा देव करायचा! थू असल्या भक्तीवर.

"आक्का, हसला की कसा दिसायचा?" जयपालनं विचारलं.

म्हातारीला सांगता येईना. तिनं बोटानं आपलाच ओठ वर ओढला आणि हसली. डोळे वाहत होते. जयपालनं नाकपुडीखाली सुई टेकवली, दाबली, आणि रेघ हलकी करत सोडून दिली. शेवटाला केसाएवढी बारीक. पत्र्यावरचा परका गडी एकदम लाजला. गुंडा असाच लाजायचा.

नाथाजीनं मान फिरवली. "बुजवता येतंय न्हवं?"

"मेण चोळलं की झालं. तेजाबात पडेस्तोवर."

"मग चोळ."

बनुबाईनं पत्रा उचलला आणि हातासकट तेजाबाच्या थाळीत घातला.

"आवं आक्का, हात काढा!" जयपालनं तिचं मनगट ओढून पाण्यात बुडवलं. बोटं पिवळी पडली होती. थाळीत रेघेरेघेवर बुडबुडे चढत होते, ओठावर सगळ्यात दाट.

"आता चोळ म्हणावं," ती म्हणाली.

भाऊबंदांनी तो टाक देवाऱ्यात घेतला नाही. बनुबाईनं तो चुलीपाशी भिंतीला ठोकला आणि देवाऱ्याला हात जोडणं सोडलं. नाथाजी जेवायला बसायचा तो भिंतीकडं पाठ करून.